एक तासानंतरचा रकाना : मालवण तालुक्यातील एका वृद्धनिवासाच्या औषधनोंदींविषयी

वृद्धनिवासाविषयी लिहिताना खोल्या, जेवण, बाग आणि समुद्र यांवर भर देण्याचा प्रघात आहे, म्हणून त्या बाबी आधी उरकते. खोल्या पावसाळ्यातही कोरड्या असतात, आणि कोकणात हे लहानसे प्रशस्तिपत्र नव्हे. सकाळी उकड्या तांदळाची पेज वेळेवर मिळते. समुद्र दिसत नाही, कारण इमारत किनाऱ्यापासून बरीच आत, काजूच्या बागेत आहे. मला लिहायचे आहे ते येथे दुखण्यावरची औषधे कशी दिली जातात आणि दिल्याची नोंद कशी ठेवली जाते याविषयी. माझी ८६ वर्षांची आत्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, गेले १४ महिने येथे आहे. तिच्या औषधांचा तपशील पुढे येणार असल्यामुळे निवासाचे नाव देत नाही. मी स्वतः बँकेत ३१ वर्षे काढली, त्यांतली शेवटची ११ अंतर्गत तपासणी विभागात, आणि त्यामुळे कोठेही गेले की माणसांआधी रजिस्टर वाचण्याची वाईट खोड मला लागली आहे.

या खोडीमुळेच आत्याला आधीच्या ठिकाणाहून हलवावे लागले. ते ठिकाण दुसऱ्या तालुक्यातले. त्याचेही नाव नको. तेथे प्रत्येक रहिवाशाच्या औषधांसाठी एक दोनशे पानी वही होती आणि तिच्यात तारीख, गोळीचे नाव आणि ‘दिली’ असा शब्द लिहिलेला असे. एकदा सहज वही चाळताना लक्षात आले की अख्ख्या आठवड्याच्या नोंदी एकाच पेनने, एकाच बैठकीत, एकाच तिरकस वळणाने लिहिल्या आहेत. जिच्या हातांनी हजारो व्हाउचरे तपासली तिला यात नवल वाटायला नको होते. पण त्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी दोन वाजता ‘दिली’ अशी जी नोंद होती, त्या वेळी आत्या माझ्याबरोबर कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाकावर बसलेली होती. गोळी दिली गेली नव्हती, हा भाग त्या मानाने किरकोळ होता. त्या वहीतली कोणती नोंद खरी मानायची हे कळण्याचा कोणताच मार्ग उरला नाही, ही खरी अडचण होती.

त्याच वहीवरून मी त्या रात्री एक बेरीज केली. आत्याला कंबरेसाठी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून चार वेळा होती. त्याशिवाय ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचे जोरदार वेदनाशामक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दोन वेळा, आणि तिच्यात ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सर्दी झाली म्हणून कोणीतरी तिसरीच गोळी तीन वेळा सुरू केली होती, तिच्यातही ३२५. तिन्हींची नावे वेगळी, पाकिटांचे रंग वेगळे, आणि एकूण ४,२२५ मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानतात. आत्याचे वजन ४२ किलो आहे, आणि अशा कृश वृद्धांना डॉक्टर ३ ग्रॅम किंवा त्याहूनही बरेच कमी देतात, कारण जादा मात्रेचा भार यकृतावर पडतो. वहीत ही बेरीज करण्यासाठी जागाच नव्हती.

आताच्या निवासात पहिल्या दिवशी जे झाले ते त्यामुळे मी जरा टक लावून पाहिले. मुख्य सिस्टरांनी आत्याच्या पिशवीतली सगळी औषधे एका स्टीलच्या परातीत ओतली आणि प्रत्येक पट्टीवरचे मोठ्या अक्षरातले नाव सोडून तिच्या मागे बारीक अक्षरात छापलेले मूळ घटक एका कागदावर उतरवून घेतले. या कामाला सव्वा तास लागला. त्यात गावच्या दवाखान्यातून आणलेली डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी निघाली, जिच्याविषयी मलाही माहीत नव्हते. आत्याला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. या दोन्हींबरोबर डायक्लोफिनॅकच्या जातीची वेदनाशामके पडली की म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांवर तिहेरी ताण येतो, शिवाय पोटात रक्तस्राव होण्याची भीती वेगळी. आपल्याकडे ‘पेनकिलर घेतली’ एवढेच सांगण्याची पद्धत आहे, आणि त्या एका शब्दाखाली एकमेकांशी नाते नसलेली पाच-सहा जातींची औषधे खपून जातात. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांनी ती पट्टी तेथेच बंद केली आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घेतली.

नोंदीचे कागद दोन रंगांचे आहेत. ठरलेल्या वेळी द्यायच्या औषधांचा कागद पांढरा. गरज पडली तरच द्यायच्या औषधांचा पिवळा. आपल्या चिठ्ठ्यांवर डॉक्टर अशा औषधापुढे ‘एसओएस’ लिहून मोकळे होतात, आणि मग ती गरज कोणी, कशावरून ओळखायची हे ज्याच्या त्याच्यावर सोपवलेले असते. येथे नुसते ‘एसओएस’ स्वीकारले जात नाही. सिस्टर डॉक्टरांना फोन करतात आणि चार गोष्टी लिहून घेतात: कशासाठी, किती, दोन मात्रांत किमान किती अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती वेळा. आत्याच्या पिवळ्या कागदाच्या माथ्यावर असे आहे: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, कंबरदुखीसाठी, आधीच्या कोणत्याही पॅरासिटामॉलपासून चार तास गेल्यावर, दिवसात जास्तीत जास्त दोनदा. नियमित तीन गोळ्या आणि या दोन मिळून अडीच ग्रॅम होतात, आणि उजवीकडच्या कडेला ‘आजचे एकूण’ असा रकाना आहे, ज्यात पासबुकातल्या शिल्लकेसारखी बेरीज पुढे चालत जाते. हा रकाना पाहिला तेव्हा मला जे वाटले ते मी येथे लिहीत नाही. तपासनीसाने भावुक होऊ नये, असा आमच्या खात्यात संकेत होता.

पिवळ्या कागदावर पुढे वेळ, दुखण्याची जागा, रहिवाशाचा स्वतःचा शब्द, दहापैकी गुण, दिलेले औषध, सही आणि अगदी शेवटी ‘एक तासानंतर’ असे रकाने आहेत. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा जीव या शेवटच्या रकान्यात आहे. गोळी दिल्याची नोंद ही नर्सने आपले काम केल्याची नोंद असते. तासाभराने पुन्हा जाऊन विचारले तर त्या गोळीने काम केले की नाही हे कळते. तोंडाने घेतलेल्या गोळीचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून तेवढ्या वेळाने पुन्हा गुण विचारायचे, आणि गुण उतरले नसतील तर पुढे काय केले तेही लिहायचे. तीन-चार दिवस ओळीने ‘५, तासाने ५’ असे दिसले की पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे तो कागदच बोलतो. आधीच्या ठिकाणी हीच गोष्ट मी चार वेळा फोनवर सांगितली होती आणि चारही वेळा ‘आजींना सवय आहे हो तक्रारीची’ असे उत्तर मिळाले होते.

गुणांचे मात्र आत्याच्या बाबतीत सुरुवातीला फार विचित्र झाले. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतले सर्वांत भयंकर दुखणे, असे तिला समजावून सांगितल्यावर तिने विचारपूर्वक ‘साडेचार’ दिले. हाडे ठिसूळ झाल्यामुळे तिच्या पाठीचा एक मणका दबलेला आहे. खुर्चीतून उठताना तिचे ओठ पांढरे पडत होते, आणि गुण साडेचार. छत्तीस वर्षे शाळेत शिकवताना निबंधाला तिने कधी दहापैकी सातांच्या वर गुण दिले नाहीत, ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती, पण तिचा दुखण्याशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ते सिस्टरांच्या ध्यानात आले. दुसऱ्या आठवड्यापासून तिच्या कागदाच्या माथ्यावर लाल शाईत एक ओळ आहे: ‘बाईंचे ५ म्हणजे तीव्र. विचारण्याबरोबर उठताना पाहावे.’

‘रहिवाशाचा शब्द’ हा रकानाही मी इतरत्र कोठे पाहिलेला नाही, आणि मराठीत तो असायलाच हवा असे मला आता वाटते. आपल्या भाषेत नुसते दुखत नाही. ठणकते, चमकते, सलते, कळ येते, रग लागते, उसण भरते, आग होते, मुंग्या येतात. येथील मावशी संध्याकाळी दिवा लावायला आल्या की मालवणीत विचारतात, ‘बाई, खंय दुखता?’ आणि आत्या नेहमीप्रमाणे म्हणते, ‘खंयच नाय गो.’ मग मावशी पाय चेपायला बसतात आणि पाचेक मिनिटांत खरा शब्द बाहेर येतो. मावशींना गोळी देण्याचा अधिकार नाही, पण ऐकलेला शब्द सिस्टरांकडे पोचवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे, आणि तो जसाच्या तसा लिहिला जातो. नोव्हेंबरमध्ये कंबरेच्या ‘रगे’बरोबर डाव्या पोटरीत ‘आग’ आणि ‘मुंग्या’ हे शब्द येऊ लागले. हे दुखणे हाडाचे नसून नसेचे असावे, असा डॉक्टरांनी त्यावरून कयास केला, तपासले आणि रात्री प्रेगॅबॅलिनची अगदी लहान मात्रा सुरू केली. या औषधाने वृद्धांना गुंगी येऊन तोल जाऊ शकतो. आठ दिवसांनी पहाटे न्हाणीघराकडे जाताना आत्या दोनदा झोकांडली, तेही कागदावर होते, म्हणून गोळीची वेळ बदलली आणि रात्री खाटेजवळ घंटा ठेवली गेली.

ज्यांना सांगताच येत नाही अशांचे काय, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला, कारण येथील २४ रहिवाशांपैकी काहींना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्यासाठी ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी वापरतात. ती २००३ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण देतात, म्हणजे एकूण पुन्हा दहाच. सिस्टर हे निरीक्षण माणूस पडून असताना करत नाहीत. कुशीवर वळवताना किंवा अंग पुसताना करतात, कारण स्थिर पडलेल्या देहात दुखणे लपते. मला अधिक भावला तो त्यांचा सावधपणा. गुण वाढले म्हणजे काहीतरी सलते आहे एवढेच खरे, ते दुखणेच असेल असे नाही. म्हणून आधी ओटीपोट तुंबले आहे का, शौचास किती दिवसांत झाले नाही, चादरीला सुरकुती आहे का हे पाहायचे आणि मग औषधाकडे वळायचे, असे त्या नव्या मुलींना सांगत होत्या.

जोरदार औषधांच्या बाबतीत येथील शिस्त बँकेच्या तिजोरीची आठवण करून देते. ट्रामाडॉल हे औषध औषधविक्रीच्या नियमांतल्या, १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-वन’ अनुसूचीत आहे, ज्यामुळे औषधविक्रेत्याला त्याची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते, आणि २०१८ साली ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही आले. अशा औषधांचे कपाट येथे वेगळे आहे, त्याला दोन किल्ल्या आहेत, आणि पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघी मिळून गोळ्या मोजतात व शिल्लक लिहून दोघी सह्या करतात. आमच्याकडे यालाच संयुक्त ताबा म्हणत. मी एकदा पूर्वसूचना न देता मोजणीच्या वेळी उभी राहिले. आकडा जुळला. सिस्टरांना राग आला नाही, थोडा आला असला तरी त्यांनी दाखवला नाही.

डिसेंबरपासून आत्याचे ट्रामाडॉल बंद करून तिला आठवड्याला एक या हिशेबाने ब्युप्रेनॉर्फिन या अफूच्याच जातीच्या औषधाची, कातडीला चिकटवायची पट्टी लावतात. पट्टीवर लावल्याची तारीख पेनने लिहितात, कागदावर माणसाच्या आकृतीवर जागा खूण करतात आणि पुढच्या वेळी जागा बदलतात. जुनी पट्टी काढली की तिची चिकट बाजू आत दुमडून, दोघींच्या सह्यांनी नष्ट करतात, कारण वापरलेल्या पट्टीतही औषध उरलेले असते. या काळात पाठीला गरम पाण्याची पिशवी बंद, कारण उष्णतेने पट्टीतले औषध अंगात वाजवीपेक्षा जास्त उतरते. आत्याला त्या पिशवीचा विरह औषधापेक्षा जड गेला. अफूच्या जातीच्या औषधांनी बद्धकोष्ठ होतो म्हणून रोज सकाळी ‘झाले का?’ असा प्रश्न विचारून तोही लिहिला जातो, आणि या चौकशीला आत्याने अद्याप क्षमा केलेली नाही. मॉर्फिन येथे ठेवत नाहीत. त्यासाठी २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर शासनमान्य वैद्यकीय संस्थांची व्यवस्था आहे, आणि तशी गरज पडली तर रहिवाशाला योग्य ठिकाणी पाठवले जाते, हे प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगतात.

आता उणिवा. फेब्रुवारीत पाळी बदलताना आत्याला दुपारची पॅरासिटामॉल दोनदा दिली गेली. मला अर्ध्या तासात पुण्याला फोन आला. ‘आजचे एकूण’ अडीच ग्रॅमच्या आत ठेवण्यासाठी रात्रीची गोळी रद्द केल्याचे सांगितले गेले. पुढच्या भेटीत कागद पाहिला तेव्हा चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ होती, खालचे अक्षर वाचता येत होते, बाजूला सही आणि वेळ. पांढऱ्या शाईचा वापर येथे कोठेही दिसला नाही. ही चूक मी उणिवांत धरते, पण तिच्यासाठी गुण कापत नाही.

पावसाळ्यात वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही जातात आणि डॉक्टर मालवणहून येऊ शकत नाहीत. तेव्हा फोन लागेल तसा फोनवरचा आदेश लिहून, तोच डॉक्टरांना परत वाचून दाखवून ‘फोनवरून’ असा शेरा मारतात. त्यावर डॉक्टरांची सही ४८ तासांत व्हावी असा त्यांचा स्वतःचाच नियम आहे. जुलैतली एक सही सहा दिवस राहिली होती.

खरी उणीव रात्रीची आहे. रात्रपाळीला २४ जणांमागे एकच सिस्टर आणि एक मावशी असतात. जुलै महिन्याच्या आत्याच्या पिवळ्या कागदाची छायाप्रत मी मागून घेतली. गरजेपुरती औषधे १९ वेळा दिली होती आणि त्यांपैकी १५ नोंदींपुढे ‘एक तासानंतर’ भरलेले होते. रिकाम्या चारही नोंदी रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेतल्या होत्या. भरलेल्यांपैकी आणखी दोन रात्रीच्या नोंदींत ‘झोपल्या’ एवढेच आहे. झोप म्हणजे आराम असे समजता येत नाही, विशेषतः अंगावर पट्टी असताना. ती गुंगीही असू शकते, आणि अशा वेळी हाक मारल्यावर जाग येते का, मिनिटाला श्वास किती आहेत, हे लिहायला हवे. दिवसा ते लिहिलेले आढळते.

एक उणीव माझीही नोंदवते. गेल्या गणपतीत आत्याला दोन दिवसांसाठी देवगडच्या घरी आणले होते. परत सोडायला गेले त्या संध्याकाळी गाडीच्या धक्क्यांनी ती कण्हत होती, सिस्टर दुसऱ्या खोलीत होत्या, आणि मी माझ्या पर्समधली एक गोळी तिला पाण्याबरोबर दिली. सणात येणारे आम्ही सगळे चाकरमानी हेच करतो. कोणी तेल आणतो, कोणी चूर्ण, कोणी मुंबईच्या डॉक्टरांची ‘चांगली’ गोळी. दहा मिनिटांनी सिस्टर आल्या, आत्यानेच त्यांना सांगितले, आणि त्यांनी माझ्याकडे पट्टी मागितली. मागची बारीक अक्षरे वाचली. मग पिवळ्या कागदावर वेळ, घटक आणि मात्रा लिहून पुढे ‘नातेवाइकांनी दिली’ असे लिहिले आणि पेन माझ्यापुढे धरले, ‘मॅडम, येथे सही.’ एकतीस वर्षांत मी इतरांकडून अशा पुष्कळ सह्या घेतल्या होत्या. तासाभराने त्या पुन्हा आल्या, आत्याला गुण विचारले, आणि माझ्या सहीपुढचा शेवटचा रकाना भरला: ‘३’.

शुश्रूषेसह महिना २६,००० रुपये घेतात; औषधे आणि तपासण्या वेगळ्या. कागदांची छायाचित्रे दर शनिवारी व्हॉट्सॲपवर येतात, मधल्या दिवसांत मागितली तर येत नाहीत. पाचपैकी चार तारे देत आहे. रात्रीसाठी दुसरी सिस्टर दिवाळीनंतर नेमू, असे व्यवस्थापकांनी मला लेखी कळवले आहे. तोपर्यंत निदान तासाचा गजर लावावा, अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. ऑगस्टचा पिवळा कागद अजून हाती आलेला नाही.